वर्षाला ६० तास चालणारा ट्रॅक्टर : डीपीएफचा घ्यावा की बिनडीपीएफचा?

प्रश्न : नमस्कार. निवृत्तीनंतर आम्ही दोघं सहा एकरांच्या जागेवर राहायला आलो आहोत. त्यात तीन एकर नुसतं गवत आहे, बाकी फळझाडं आणि आत येणारा कच्चा रस्ता. वर्षातून सात-आठ वेळा गवत कापायचं, अधूनमधून ट्रॉलीतून लाकूड-माती वाहायची, लोडरने खताचे ढीग हलवायचे, रस्ता सपाट करायचा, एवढंच काम. वर्षाला ५०-६० तासांच्या वर ट्रॅक्टर चालणार नाही. मध्ये दोन-तीन महिने तो उभाच राहील. शोरूममध्ये तीन पर्याय दाखवले. पहिला २५ एचपीच्या किंचित आतला, साध्या पंपाचा, फिल्टर नसलेला. दुसरा ४० एचपीचा, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेला. तिसरा ८० एचपीचा वापरलेला, त्यात डीपीएफ आहेच, शिवाय युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी. विक्रेता म्हणतो मोठाच घ्या. मित्र म्हणतो, मोठा घे आणि डीपीएफ काढून टाक. भाऊ म्हणतो, हे काहीच नको, धुराचे नियम यायच्या आधीचा जुना शोध. डीपीएफ चोक होतो आणि खर्चात पाडतो असं सगळीकडून ऐकून धास्ती बसली आहे. काय घ्यावं? (उभा असताना मी दर रविवारी पाच-दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवणारच आहे, म्हणजे इंजिन मोकळं राहील.)
– एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. दर रविवारी पाच-दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवायचा बेत आधी सोडून द्या, ट्रॅक्टर कुठलाही घेतलात तरी. ही सवय काळजीपोटी लागते, पण डिझेल इंजिन महिनाभर स्वस्थ उभं राहिल्याने जेवढं बिघडत नाही तेवढं या पाच मिनिटांनी बिघडतं.

एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन तापलेलं असेल तर त्याची वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन गार असेल तर तीच वाफ सायलेन्सरच्या पत्र्याला आतून पाणी होऊन चिकटते आणि थोडी रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. अर्धवट जळलेलं डिझेलही त्याच वाटेने उतरतं. गार इंजिन सुरू करताना काजळी भरपूर निघते, आणि डीपीएफ असेल तर ती थेट त्यात जाऊन बसते. लोड नसताना हळू चालणाऱ्या इंजिनाचा धूर शंभर-दीडशे अंशांच्या आसपास असतो. काजळी जळायला याच्या कितीतरी वर तापमान लागतं. म्हणजे तुम्ही दर आठवड्याला फिल्टरमध्ये भर घालणार आणि ती जळायची संधी एकदाही देणार नाही. वर स्टार्टरने बॅटरीतून ओढलेली वीज तेवढ्या वेळात पुरती भरूनही येत नाही.

स्टार्ट करायचा तर कामाला काढा. पाऊण-एक तास, लोडवर, पाण्याचा काटा मध्यावर येऊन वीस-तीस मिनिटं तिथे टिकेल असा. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी किल्लीला हात लावू नका.

हे आधी सांगितलं कारण तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तर यातच दडलं आहे. ५०-६० तास हा आकडा ऐकून लोक घाबरवतात, पण त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. वर्षाला ४० तास चालणारा ट्रॅक्टर जर दर वेळी सलग तीन-चार तास पीटीओवर (इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या शाफ्टवर) राबत असेल, तर त्याचा डीपीएफ सुखात राहतो. आणि वर्षाला २०० तास चालणारा ट्रॅक्टर जर दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी, निम्मा वेळ रिकामा गुरगुरत ते तास भरत असेल, तर त्याचा डीपीएफ वर्ष-दोन वर्षांत तक्रार करतो. म्हणून तुमचे तास कसे जमा होणार आहेत ते पाहू.

गवत कापणं हे फिल्टरच्या दृष्टीने फार चांगलं काम आहे. इंजिन मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्यांवर स्थिर, लोड सलग, धूर गरम. लोडरचं काम बरोबर याच्या उलट. पुढे, मागे, थांबा, उतरून बघा, पुन्हा चढा, तोवर इंजिन रिकामं चालूच. तुमच्याकडे दोन्ही आहे. एक गोष्ट लगेच करता येईल : लोडरची किरकोळ कामं साठवून ठेवा आणि गवत कापायच्या दिवशी, गवत कापून झाल्यावर, तापलेल्या इंजिनावर उरका. क्रम उलटा करू नका.

आता तिन्ही ट्रॅक्टर बघू. ८० एचपीचा मी पहिल्या फटक्यात बाजूला ठेवीन. तीन एकर गवतापुढे त्या इंजिनाला घामच फुटणार नाही. ते कायम अर्धपोटी लोडवर चालेल, धूर गार राहील आणि काजळी साचेल. गरजेपेक्षा मोठं इंजिन घेणं हीच कमी वापराच्या ट्रॅक्टरमधली सर्वांत महाग चूक असते, आणि 'मोठाच घ्या' या सल्ल्यात नेमकी तीच लपलेली आहे.

दुसरं कारण ती युरियाची टाकी. ७५ एचपीच्या वरच्या नव्या इंजिनांत बहुतेक ठिकाणी एससीआर असतं. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर युरियाचं द्रावण फवारायचं, त्यातून अमोनिया तयार होऊन त्या वायूंचं साधं नायट्रोजन आणि पाणी करायचं, अशी ती योजना. रोज राबणाऱ्या ट्रॅक्टरला ती उत्तम आहे, कारण इंजिनाला मोकळेपणाने जळायला मिळतं. पण हे द्रावण, ज्याला डीईएफ किंवा अ‍ॅडब्लू म्हणतात, नाशवंत आहे. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. आयएसओ २२२४१ या मानकाप्रमाणे ते २५ अंशांखाली ठेवलं तर दीड वर्ष टिकतं, ३० अंशांपर्यंत एक वर्ष, आणि ३५ अंशांत सहाच महिने. उणे ११ अंशांना ते गोठतं. डिझेलच्या मानाने ते जेमतेम तीन ते पाच टक्के लागतं, म्हणजे तुमच्या वापरात टाकी संपायच्या आत ते शिळं होणार. शिळं द्रावण सेन्सरला पटलं नाही की इंजिनाची ताकद आपोआप उतरवली जाते. उभ्या ट्रॅक्टरवर टाकीच्या झाकणाभोवती आणि फवाऱ्याच्या तोंडाशी मिठासारखे पांढरे खडे धरतात. झाकणाजवळचे कोमट पाण्याने धुऊन निघतात, पण फवाऱ्याचं भोक बंद झालं तर तो खोलावाच लागतो. वर्षाला ६० तासांसाठी हा संसार मांडू नका.

राहिले दोन. यांच्यातली सीमारेषा २५ एचपीवरच का, हे कळलं की निवड सोपी होते. अमेरिकेच्या टियर ४ या धुराच्या नियमांत १९ किलोवॅटच्या, म्हणजे साधारण २५ एचपीच्या आतल्या इंजिनांना काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.४० ग्रॅम आहे. ती रेषा ओलांडली की ०.०३. एकदम तेरापट कडक. युरोपच्या तशाच स्टेज ५ नियमांत तर १९ किलोवॅटच्या वर काजळीचे कण मोजून मर्यादा घातली आहे, त्यामुळे तिथे डीपीएफशिवाय निभावतच नाही. भारतात ही पायरी वेगळी आहे, १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम स्टेज ४ हे धुराचं मानक लागू झालं. जगभरासाठी बनणारे छोटे ट्रॅक्टर २४ आणि काही एचपीवर का थांबतात, याचं कारण ही १९ किलोवॅटची रेषा. कारखान्याला त्याच्या आत राहून साधा यांत्रिक पंप ठेवता येतो, कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमाने मोठ्या दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा), डीपीएफ आणि त्यामागचे सेन्सर टाळता येतात.

याचा एक फायदा विक्रेते बरेचदा सांगत नाहीत. कंपन्यांच्या पुष्कळ मालिकांमध्ये २५ च्या आतला आणि ३५-४० एचपीचा ट्रॅक्टर एकाच सांगाड्यावर बांधलेला असतो. मागचा धुरा तोच, हायड्रॉलिक पंप तोच, लोडर तोच. मग लोडर उचलतो तेवढंच वजन दोन्हींत उचलतो, कारण उचल ठरते ती हायड्रॉलिकच्या दाबावर आणि सिलिंडरच्या आकारावर. म्हणून पत्रकावर एचपी पाहण्याआधी तीन आकडे पाहा : ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन, लोडरची उचल किलोमध्ये, आणि पीटीओवर मिळणारे एचपी. ते जर दोन्ही मॉडेलांत जवळपास सारखे असतील (पीटीओ सोडून, तो कमी असणारच), तर ४० एचपीसाठी मोजलेले जादा पैसे तुम्ही फक्त वेगासाठी मोजता आहात.

आणि वेगाचा फरक किती? गवताच्या रोटरी कटरला दर फूट रुंदीमागे पाच पीटीओ एचपी हा जुना ठोकताळा आहे. २५ च्या आतल्या ट्रॅक्टरवर पीटीओला १८-२० एचपी मिळतात, म्हणजे चार फुटी कटर झाला. ४० वाल्यावर पाच-सहा फुटी चालतो. ताशी पाच किलोमीटर वेग धरला आणि वळणं, एकावर एक जाणाऱ्या पट्ट्या यांत पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तर चार फुटी कटर तासाला सव्वा एकराच्या आसपास कापतो आणि पाच फुटी दीड एकर. तुमच्या तीन एकरांना एकीकडे अडीच तास, दुसरीकडे दोन. अर्ध्या तासाचा फरक. वर्षातून आठ वेळा म्हटलं तरी चार तास. या चार तासांसाठी कॉमन रेल, डीपीएफ आणि कॉम्प्युटर घरी आणायचे का, हे तुम्ही ठरवायचं आहे.

मी तुमच्या जागी असते तर २५ एचपीच्या आतला घेतला असता. एका अटीवर : त्याचं वजन आणि लोडरची उचल तुमच्या कामाला पुरेशी हवी. बाग उतारावर असेल, भरलेली ट्रॉली चढावर ओढायची असेल, किंवा त्या छोट्या मॉडेलचा सांगाडाच बारका असेल, तर मात्र ४० एचपीचा घ्या आणि डीपीएफला घाबरू नका. हलका ट्रॅक्टर भरलेल्या बकेटसह उतारावर उलटतो. फिल्टरची डोकेदुखी त्यापुढे काहीच नाही.

४० चा घेतलात तर डीपीएफबरोबर राहायचं कसं ते सांगते, कारण धास्ती बरीचशी न कळण्यातून येते.

सायलेन्सरच्या जागी जो जाड डबा दिसतो, त्यात आधी एक उत्प्रेरक असतो, डीओसी. त्याच्यामागे हा फिल्टर. आत चिनी मातीच्या जातीचा एक ठोकळा असतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा, बारीक चौकोनी नळ्यांनी भरलेला. गंमत अशी की प्रत्येक नळीचं एक तोंड बंद असतं : शेजारशेजारच्या नळ्यांचं आलटून पालटून, एकीचं पुढचं तर दुसरीचं मागचं. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर राहते. ही काजळी जाळून टाकण्याला रीजनरेशन म्हणतात, बोलताना सगळे रीजेन म्हणतात.

लोडवर काम चालू असताना, धूर २५०-४०० अंशांत असला की काजळी आपोआप थोडीथोडी जळत असते. तुम्हाला पत्ताही लागत नाही. ते पुरलं नाही की कॉम्प्युटर स्वतः पुढाकार घेतो : सिलिंडरमध्ये उशिरा, जळण होऊन गेल्यावर, थोडं डिझेल सोडतो. ते डीओसीमध्ये जळतं, धूर ६०० अंशांच्या आसपास जातो आणि साचलेली काजळी जळून जाते. तेव्हाही तुम्ही काम चालू ठेवू शकता, फक्त फेरे उतरवू नयेत. आणि दोन्ही वेळा संधी हुकली की पॅनेलवर दिवा लागतो : उभं करून रीजेन करा.

उभ्याने रीजेन पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो, म्हणून आधीच सांगून ठेवते. न्यूट्रलला घेऊन, हँडब्रेक ओढून बटण दाबलं की थोड्या वेळाने फेरे आपोआप चढतात. पंखा जोरात घुमायला लागतो. डब्याच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते आणि तापलेल्या पत्र्याचा कडक वास येतो. वीस ते चाळीस मिनिटं हे चालतं. नवखे लोक इथे घाबरून किल्ली बंद करतात आणि चोक होण्याची बहुतेक प्रकरणं इथूनच सुरू होतात. रीजेन अर्धवट सोडलं की काजळी आतच राहते, उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये गेलेला असतो, आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. असं तीन-चारदा झालं की ट्रॅक्टर ताकद उतरवतो, मग बटणही ऐकत नाही आणि मेकॅनिकचा लॅपटॉप लागतो. रीजेन सुरू झालं तर पूर्ण होऊ द्या. जेवण अर्धा तास उशिरा होऊ द्या.

रीजेन थांबवून ठेवायचं एक बटणही असतं. ते घाईच्या वेळेसाठी नाही, आगीच्या भीतीसाठी आहे. सुकं गवत, भुसा, लाकडी शेड, बंद गॅरेज इथे ६०० अंशांचा धूर सोडायचा नसतो. तुम्ही गवत कापणार आहात, तेव्हा डब्याभोवती आणि इंजिनाच्या कोपऱ्यात अडकलेला गवताचा चुरा दर वेळी हवेने उडवून काढा. रीजेनला मोकळी, मातीची जागा ठरवून ठेवा.

ऑइलची पट्टी या ट्रॅक्टरमध्ये नव्या नजरेने पाहावी लागते. पातळी कमी झाली का हे आपण पाहतो, इथे ती वाढली का हेही पाहायचं. पट्टी पुसून पुन्हा बुडवली आणि ऑइल वरच्या खुणेच्या पलीकडे गेलेलं दिसलं, बोटावर पातळ लागलं, नाकाजवळ नेल्यावर डिझेलचा वास आला, तर ते ऑइल बदलूनच ट्रॅक्टर चालवा. ऑइल कमी राखेचं हवं, एपीआय सीजे-४ किंवा सीके-४ दर्जाचं, किंवा पुस्तिकेत दिलं असेल ते. साधं स्वस्त ऑइल जळून जी राख होते ती रीजेनने जात नाही, फिल्टरमध्ये कायमची बसते. आणि तासांची वाट न पाहता ऑइल वर्षातून एकदा बदलाच.

राखेवरून आठवलं. डीपीएफ 'संपतो' आणि नवा घ्यावा लागतो, ही भीती तुम्हाला कोणी घातली असेल तर हे ऐका. अमेरिकी नियमांत १३० किलोवॅटच्या आतल्या इंजिनांच्या डीपीएफची राख साफ करायची वेळ ३००० तासांच्या आत यायला नको असं बंधन कारखान्यांवर आहे. तुमच्या ६० तासांच्या हिशेबाने ती वेळ ५० वर्षांनी येईल. तुमच्या हातून फिल्टर बिघडला तर तो न जळलेल्या काजळीने बिघडेल, आणि काजळी तुमच्या ताब्यातली गोष्ट आहे.

एक चौथा पर्याय तुम्हाला दाखवला गेला नाही. ज्या नियमांत कणांची मोजणी नाही तिथे काही कंपन्यांनी २५ ते ७५ एचपीमध्ये जळण इतकं नेमकं केलं आहे की नुसत्या डीओसीवर भागतं, डीपीएफ लागत नाही. डीओसीमधून धूर आरपार जातो, त्यात काजळी साठत नाही, रीजेन नाही. ४० एचपी खरंच लागत असतील तर असं मॉडेल मिळतं का ते आधी विचारा. कॉमन रेल आणि सेन्सर मात्र त्यातही असतात.

मित्राच्या सल्ल्याबद्दल. डीपीएफ काढायचा नाही. अमेरिकेत तो काढणं सरळ बेकायदा आहे, आणि इतरत्रही जिथे नियम आहेत तिथे ट्रॅक्टर मंजूर झालेला असतो तो त्या फिल्टरसकट. वॉरंटी जाते, विकताना अडतं, आणि कॉम्प्युटरमध्ये कोणी काय घालून ठेवलं हे पुढच्या मेकॅनिकला कळत नाही. पण मला यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. ट्रॅक्टरवर धुराच्या सर्वांत जवळ बसलेले असता तुम्ही, आणि झाडांखाली संथ फिरताना तो धूर तिथेच रेंगाळतो. फिल्टर नको असेल तर फिल्टर न लागणारा ट्रॅक्टर घ्या. फिल्टरचा घेऊन त्याला उघडा करू नका.

भावाचं म्हणणं मी टाकून देणार नाही. चांगल्या हातातला जुना ट्रॅक्टर कमी वापराला खरोखर सोयीचा असतो. यांत्रिक पंप, चार वायरी, कुठलाही मेकॅनिक खोलेल. पण त्याला जे हवं आहे, म्हणजे साधा पंप आणि कॉम्प्युटर नसणं, ते तुमच्या पहिल्या पर्यायात नव्याने मिळतंच आहे. जुना बघितलात तर ड्रायव्हरच्या मागची उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान आहे का, सीटबेल्ट आहे का, पीटीओच्या शाफ्टवर संरक्षक झाकण शाबूत आहे का, हे इंजिन ऐकण्याच्या आधी पाहा. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना कमान नसते. ती बसवून घेता येत नसेल तर तो ट्रॅक्टर कितीही गोड वाजत असला तरी घेऊ नका.

उभा ठेवण्याबद्दल थोडं, कारण दोन-तीन महिने ही तुमची नेहमीची स्थिती असणार. शेवटचं काम लोडवर तासभर करून, ट्रॅक्टर गरम असतानाच जागेवर आणा. टाकी गळ्यापर्यंत भरा. अर्ध्या टाकीतल्या हवेतली आर्द्रता रात्रीच्या गारव्यात पाणी होऊन तळाला जाते, आणि डिझेल व पाणी जिथे मिळतात तिथे जंतू वाढून काळपट चिकट गाळ होतो. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर हे लवकर होतं. कॉमन रेलमध्ये दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, तिथे पाण्याचा थेंबही इंजेक्टरला महाग पडतो. म्हणून ट्रॅक्टर पुन्हा कामाला काढताना वॉटर सेपरेटरची चावी सोडून खालचं पाणी आधी वाहून जाऊ द्या. डिझेल कमी सल्फरचंच भरा आणि कॅनमध्ये वर्षभर साठवून ठेवू नका.

बॅटरीला लहान मेंटेनर चार्जर लावून ठेवा, रविवारच्या स्टार्टची गरजच उरणार नाही. कट-ऑफ स्विच असेल तर किल्ली बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मगच तो फिरवा. कॉम्प्युटर तेवढ्या वेळात आपली नोंद बंद करत असतो.

आणि उंदीर. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घाला (काढायची आठवण म्हणून किल्लीला चिठ्ठी बांधा) आणि बॉनेट उघडून वायरिंग पाहत जा. डीपीएफच्या पुढचा आणि मागचा दाब मोजायला त्याला बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्यातली एखादी कुरतडली गेली किंवा तडकली तर कॉम्प्युटरला फिल्टरची चुकीची स्थिती कळते आणि नसत्या वेळी दिवे लागतात. फिल्टर चोक झाला म्हणून कोणी मोठं बिल सांगितलं, तर आधी या नळ्या तपासल्या का, असं विचारा.

शोरूममध्ये परत जाल तेव्हा ट्रॅक्टर आधीपासून तापवून ठेवू देऊ नका, गार इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. ४० वाला बघत असाल तर पॅनेलवर काजळीची टक्केवारी दिसते का, की नुसता दिवा लागतो, ते पाहा. टक्केवारी दिसणारा घ्या, म्हणजे हंगामाच्या शेवटी उभा करण्याआधी रीजेन करून घ्यायचं की नाही हे तुम्हालाच ठरवता येईल. उभ्याने रीजेन करून दाखवायला सांगा, पूर्ण अर्धा तास गेला तरी. डीपीएफ आणि सेन्सरवर वॉरंटी किती तासांची आणि किती वर्षांची, हे लेखी घ्या. तुमच्या बाबतीत तास कधीच संपणार नाहीत, वर्षं संपतील, तेव्हा वर्षांचा आकडा महत्त्वाचा. आणि कॉम्प्युटर तपासायचा लॅपटॉप त्यांच्याकडे आहे की दुसऱ्या कोणाकडे, तो घेऊन मेकॅनिक तुमच्या जागेवर येतो की ट्रॅक्टर लादून न्यावा लागतो, त्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. ते लिहून द्यायला टाळाटाळ झाली तर आगाऊ रक्कम न देता उठा आणि दुसऱ्या विक्रेत्याकडे तोच कागद घेऊन जा.